ळ चा ल

रात्रीचा दीड वाजलाय, मी जागा आहे आणि कारण कुणाला सांगायची सोय नाही इतकं फुटकळ आहे. नवा एपिसोड आला. शेवटची नावं हल्ली अशी पळतात की पॉज केल्याशिवाय वाचता येत नाहीत, तर केलं पॉज, आणि माझ्या आडनावातल्या ळ चा ल केलाय. इंग्रजीवरून उतरवलं असणार कुणीतरी. ही म्हणाली, कोण बघतं रे ते, आणि कूस बदलून झोपली पण.

बरोबरच आहे तिचं. दोन सीनचा हवालदार. "साहेब, गाडी आली" आणि "साहेब, तो पळाला." असल्या माणसाच्या आडनावात ळ असला काय नि ल असला काय. पण चीड यायची ती येतेच आहे.

मग डेव्हिड गुलपिलिल आठवला, ऑस्ट्रेलियाचा नट. सरांच्या वर्कशॉपपासून हा माणूस डोक्यात बसलाय. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड आहे, तिथला योल्ंगू, म्हणजे तिथल्या आदिवासींपैकी, पोरगा, शिकार करणारा, नाचणारा. निकोलस रोग नावाचा ब्रिटिश दिग्दर्शक तिथल्या मनिंग्रिडा गावात आला, याला बघितलं आणि 'वॉकअबाउट'मध्ये घेतलं. इंग्रजी जेमतेम. १९७१ चा सिनेमा. त्यात तो नुसता चालत असला तरी आपण दुसऱ्या कुणाकडे बघत नाही, आणि नावांमध्ये काय छापलंय? गम्पिलिल. अरे अख्खा सिनेमा त्याच्या पायांवर चाललाय आणि नाव धड लिहिता येत नाही?

डेव्हिड हे नाव तर त्याचं नव्हतंच, ते बाहेरच्यांनी चिकटवलेलं. जन्मतारीख १ जुलै १९५३, तीही मिशनऱ्यांनी अंदाजाने टाकलेली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, कारण आमच्याकडे आजोबा, मोठे काका, निम्मं गाव १ जूनला जन्मलंय, गुरुजींची कृपा. आजोबांना त्याचं कधी काही वाटलं नाही. मग मलाच का एवढं टोचतंय एका अक्षराचं? आजोबांना कदाचित वाटतही असेल, आपण कुठे विचारलं.

असो.

२००२ ला त्याचे दोन सिनेमे आले, 'रॅबिट-प्रूफ फेन्स' आणि 'द ट्रॅकर', आणि दोन्हीत तो गोऱ्यांसाठी माग काढणारा ट्रॅकर. मी म्हणजे हवालदार, तो म्हणजे ट्रॅकर. नाही नाही, ही तुलना करायची माझी लायकी नाही, पण दीड वाजता माणूस काहीही करतो. शिवाय फरक असा की पहिल्यात तो जवळजवळ बोलतच नाही, पळून गेलेल्या पोरींच्या मागावर आहे, आणि त्या पोरी आपल्याला चकवतायत याचं कौतुक त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मला तर दोन वाक्यं होती. दोन! आणि मी काय केलं त्यांचं, नुसतं सॅल्यूट मारून म्हटली.

सगळं गोड नव्हतं त्याचंही. दारू होती, २०११ मध्ये बायकोला मारहाण केली म्हणून डार्विन शहरातल्या जेलमध्ये गेला, आणि हे वाचल्यापासून त्याच्याकडे बघताना मला दरवेळी थोडं... जाऊ दे. त्याच दिवसांतून 'चार्लीज कंट्री' निघाला, रॉल्फ डी हीर या दिग्दर्शकाबरोबर त्याने स्वतः लिहिलेला. २०१४ ला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये 'अन सर्टन रिगार्ड' विभागात बेस्ट अ‍ॅक्टर. जेलमध्ये त्याचे केस उतरवतात तो सीन मी किती वेळा बघितलाय. काही करत नाही तो. बसलेला असतो.

२०२१ च्या नोव्हेंबरात गेला, फुप्फुसाचा कॅन्सर, मरे ब्रिजला, म्हणजे स्वतःच्या मुलखापासून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. आणि त्यांच्यात रीत अशी की माणूस गेला की काही काळ त्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बातम्यांत काही दिवस त्याला डालाइथंगू म्हणत होते. हे मला आत्ता या अंधारात पुन्हा आठवलं आणि माझं रडगाणं जरा बसलंच. ज्यांच्यात नाव ही एवढी जपून वापरायची गोष्ट, त्यांच्या पोराच्या नावाचं पहिल्याच सिनेमात हे असं व्हावं, आणि तरी तो पुढची पन्नास वर्षं कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

प्रॉडक्शनच्या ग्रुपवर मेसेज टाइप करून ठेवलाय. पाठवला तर हसतील, नाही पाठवला तर पुढच्या एपिसोडला परत तेच. सकाळी बघू. सातचा कॉल आहे, वर्दी तरी या वेळी मापाची मिळू दे.

आणि हो, २००४ ला अ‍ॅडलेड फेस्टिव्हलमध्ये त्याने एकपात्री केलं होतं, स्वतःच्या आयुष्यावर, नाटकाचं नावच 'गुलपिलिल'. भारी आहे ना? मी माझ्या आडनावाचं एकपात्री काढलं तर मध्यंतरापर्यंत सुद्धा पुरणार नाही. प्रेक्षकांत ही आणि आई, दोघी पासवर, आणि आई घरी येऊन म्हणणार, आवाज मागेपर्यंत येत नव्हता.