बेरूफच्या रकान्यातली आडवी रेघ

चिमी महिनाभराची झाली तेव्हा तिला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, तिथे काउंटरवर एक फॉर्म हातात दिला. आईचं नाव, वडलांचं नाव आणि दोघांच्या पुढे 'बेरूफ', म्हणजे व्यवसाय. नवऱ्याच्या पुढे पटकन इंजिनियर लिहिलं आणि माझ्या रकान्यापाशी पेन थांबलं. पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं, टीम सांभाळलेली, आणि इथे श्टुटगार्टला येऊन दीड वर्ष झालं तरी जर्मन अजून बी-वनवरच, म्हणजे मधल्या पातळीवरच, अडकलेलं आणि मांडीवर रडणारं बाळ. शेवटी तिथे आडवी रेघ मारली. ट्राममधून घरी येईपर्यंत ती रेघच डोळ्यांपुढे होती.

चिमीचा जन्म २०२२च्या डिसेंबरातला. त्या दिवसांत इथे साडेचारलाच अंधार पडतो. आईचा व्हिसा झाला होता पण ऐनवेळी बाबांचं ऑपरेशन निघालं, त्यामुळे आई नगरलाच राहिली आणि डिंकाचे लाडू तेवढे पार्सलने आले. आपल्याकडे बाळंतिणीभोवती कशी माणसं असतात, कोणी अळिवाची खीर करतंय, कोणी शेक-शेगडी बघतंय, कोणी नुसतंच बाळाला घेऊन बसलंय. इथे नवऱ्याची सुट्टी संपल्यावर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी आणि चिमी, तिसरं कोणी नाही.

एक मात्र खूप चांगलं आहे इथे. हेबाम्मे म्हणजे सुईण, पण रीतसर शिकलेली, ती बाळंतपणानंतर घरी येते, पहिले दहा दिवस तर रोज येऊ शकते आणि तिचे पैसे आरोग्य विमा भरतो. आमची हेबाम्मे साठीची असेल. आली की हात धुवायची, माझ्या शेजारी बसायची आणि बाळाकडे बघायच्या आधी मला विचारायची, तुम्ही कशा आहात? फोनवर सगळे बाळ कसंय, दूध पितं का, वजन किती विचारायचे आणि विचारायलाच हवं, पण तिसऱ्या दिवशी तिने हे विचारलं आणि मला इतकं रडू आलं की ती अर्धा तास जास्त थांबली.

तिचं येणं संपलं आणि मग दिवस फार जड गेले. एका नातेवाईकांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, नोकरी नाही मग दिवसभर करतेस काय गं? त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण तो प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. पगाराची स्लिप बंद झाली तेव्हाच आपली किंमतही संपली असं मी मनात कधी ठरवून टाकलं होतं मलाच कळलं नाही. आणि आई झाल्यावर ती किंमत आपोआप परत येईल असं वाटलं होतं, तर तसंही झालं नाही.

फेब्रुवारीत शेजारणीने जवळच्या चर्चच्या हॉलमधे क्राबेलग्रुपेला नेलं, म्हणजे रांगणाऱ्या बाळांचा आणि त्यांच्या आयांचा गट. चिमी काही रांगत नव्हती, पण सगळ्यांना घेतात. तिथे दारातच एक पोस्टर होतं, "डू बिस्ट आइन गॉट, डेर मिश झीट", तू मला पाहणारा देव आहेस. इथल्या चर्चमधे दरवर्षी बायबलमधलं एक वचन अख्ख्या वर्षासाठी निवडतात, त्याला यारेसलोझुंग म्हणतात, आणि २०२३चं वचन हे होतं. खाली उत्पत्ति १६:१३ लिहिलेलं. हागारेची गोष्ट संडे स्कूलला ऐकलेली, पण ती एक दासी होती याच्यापुढे काही आठवेना.

त्या रात्री तीन वाजता चिमीला पाजताना मोबाईलवर मराठी बायबल उघडून तो अध्याय वाचला. हागार मिसरी, परक्या देशात, परक्या घरात, पोटुशी, छळाला कंटाळून रानात पळालेली. आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्या अख्ख्या अध्यायात साराय आणि तिचा नवरा अब्राम, म्हणजे हागारेचे मालक, तिला एकदाही नावाने हाक मारत नाहीत. माझी दासी, तुझी दासी, बस. तिला नावाने हाक मारतो तो देवाचा दूत, झऱ्यापाशी, आणि विचारतो, तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस? म्हणजे आधी तिची चौकशी, बाळाचं पुढे. मला आमची हेबाम्मे आठवली. आणि मग हीच बाई देवाला नाव देते, पाहणारा देव. तिला परत त्याच घरी जायला सांगितलंय ते मला अजूनही जड जातं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिला मुलगा व्हायच्या आधी, तिने काहीही मिळवायच्या आधी देवाने तिला पाहिलं, हे मी त्या रात्री कितीतरी वेळा वाचलं.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला आणि त्या फॉर्मवरच्या रेघेचंही सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, बाळा, तुझ्या पणजीच्या लग्नाच्या नोंदीत वडलांच्या नावापुढे पण रेघच आहे.

पणजी केडगावच्या मुक्तीत वाढली हे माहीत होतं, दौंडजवळचं केडगाव, नगरचं नव्हे. १९००च्या दुष्काळात कोणीतरी तिला पंडिता रमाबाईंच्या त्या आश्रमात आणून सोडलं, तीन-चार वर्षांची असेल, आईबापांचं नाव सांगता येत नव्हतं. रमाबाईंचं स्वतःचं आयुष्य तरी कसं, १८८२ला नवरा गेला, आणि १८८३ला दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंड गाठलं, त्याच वर्षी तिथे बाप्तिस्मा घेतला. लहानपणी हे सगळं पाठ केलं होतं, पण परक्या थंडीत लहान मुलगी कडेवर घेतलेली एकटी बाई कशी दिसत असेल याचा विचार आत्ता केला. पुढे त्यांनी मुक्तीत किती बायका-मुली सांभाळल्या, त्यात मूल नसलेल्या विधवा होत्या, टाकून दिलेल्या होत्या. आई होणं हीच बाईची किंमत असती तर त्यांचं काय? म्हणून कोणी मला म्हणालं ना, की मातृत्वाने तुला पूर्णत्व आलं, तर मी नाही म्हणते. चिमीमुळे मला एवढंच कळलं की काहीही न करता, नुसतं झोपलेलं एक माणूस कुणाला किती मोलाचं असू शकतं. तिला बघत बसले की वाटायचं, मग मलाही कोणी असंच बघत असेल.

आई म्हणाली पणजीला बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातलं एक वचन फार आवडायचं, मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझी आहेस. वडलांचं नाव कोणी विचारलं की ती तेच सांगायची म्हणे.

जूनमधे चिमीचा बाप्तिस्मा केला. इथे आईवडील मुलासाठी एक वचन निवडतात, टाउफश्प्रुख म्हणतात त्याला, आम्ही हागारेचंच घेतलं. पाळकबाईंनी जर्मनमधे वाचलं आणि मग मी मराठीत. आवाज कापत होता, पण वाचलं. फोन गीतांच्या पुस्तकाला टेकवून ठेवलेला, नगरला दुपारचे दोन वाजलेले, आई-बाबा चांगले कपडे घालून बसलेले.

मग पाळकबाईंनी विचारलं, बाळाचं नाव काय? आम्ही पणजीचं नाव मोठ्याने सांगितलं, आणि दोन सेकंदांनी फोनमधून आईनेही.