वसमतच्या मोंढ्यातून न्हावा शेवापर्यंत: आमची वाटचाल

आमचं दुकान मूळ आडतीचं. वसमतच्या मोंढ्यात आमचे आण्णा हळदीची आडत करायचे. शेतकऱ्यानं उकडून, वाळवून आणलेला माल लिलावात लावायचा, हमाली-तोलाई वजा करून पट्टी हातात द्यायची, एवढा तो व्यवहार. सांगलीचे व्यापारी इथून कांडी (हळदीची लांबट बोटं) आणि गठ्ठा (गोल कंद) भरून न्यायचे आणि पुढचा नफा पुढेच राहायचा. हिंगोली, नांदेड, परभणीत हळदीचा पेरा वाढत गेला तसा आम्ही आधी पॉलिशचा ड्रम बसवला, मग प्रतवारीची चाळणी आणली, आणि शेवटी स्वतःच्या नावावर आयात-निर्यात कोड आणि मसाले मंडळाची नोंदणी काढली.

सुरुवातीची निर्यात आखातात, आगाऊ पैशावर. त्यात सांगण्यासारखं फार नाही. खरा धंदा शिकलो तो एलसीवर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर, माल पाठवायला लागल्यावर. बांगलादेश असो की मोरोक्को, मोठा खरेदीदार नव्या माणसाला आगाऊ पैसे देत नाही आणि आपणही त्याला उधारीवर कंटेनर देऊ शकत नाही. मग त्याची बँक मध्ये येते आणि हमी देते: अमुक कागद, अमुक मुदतीत, अटीबरहुकूम आले तर पैसे नक्की.

ही हमी मजबूत आहे, पण ती कागदावर चालते. जगभरातल्या बँका यासाठी यूसीपी ६०० हे नियम पाळतात. १ जुलै २००७ पासून ते लागू आहेत. बँक हळदीचा रंग बघत नाही, त्यातलं करक्युमिन, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य, किती ते चाखत नाही. ती बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे जहाज कंपनीनं मालासाठी दिलेल्या पावतीवरची, तारीख बघते. एलसीच्या संदेशात ४४सी या रकान्यात माल चढवण्याची शेवटची तारीख असते. बोट त्यानंतर एका दिवसानं भरली तरी कागद सदोष ठरतो आणि बँकेची हमी तिथेच सैल होते.

आमच्या भागाची अडचण इथून सुरू होते. वसमतहून मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. ट्रक वेळेत पोचला, कंटेनर बंदराच्या आत गेला, की मोंढ्यातला माणूस म्हणतो, 'माल गेला.' पण बंदर ते बंदर अशा बिल ऑफ लेडिंगमध्ये माल गेला असं म्हणायचं ते तो प्रत्यक्ष बोटीवर चढला तेव्हा. आत उभा असलेला कंटेनर बँकेच्या लेखी अजून घरीच आहे. बोटीत जागा नाही म्हणून तो पुढच्या फेरीला ढकलला गेला, तर त्यात आपला दोष नसला तरी तारीख आपलीच चुकते.

२०२३ च्या अखेरीला हे आमच्या दारात आलं. नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी आपल्या बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. वेळापत्रकं कोलमडली, फेऱ्या रद्द होऊ लागल्या. आमचा मोरोक्कोचा कंटेनर कीड लागू नये म्हणून धुरी देऊन, सील होऊन बंदरात पडलेला. ठरलेली बोट आली, पण आमचा कंटेनर न घेताच गेली. एलसीची तारीख जवळ येत होती. त्यात त्याच वर्षी हळदीनं उन्हाळ्यानंतर दुपटीहून वर उडी घेतली होती आणि वर्ष सरता सरता भाव उतरत होते.

भाव उतरतो आहे ही गोष्ट इथे सगळ्यात महत्त्वाची, आणि ती पुस्तकात सापडत नाही. सदोष कागद खरेदीदाराच्या बँकेकडे गेले की तिला तपासायला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस असतात. नाकारायचं ठरलं तर ती तसं कळवते, आणि बहुतेक वेळा आधी आपल्या ग्राहकाला विचारते, 'हा दोष तुम्हाला चालेल का?' बाजार चढता असेल तर तो लगेच हो म्हणतो, कारण माल त्याला स्वस्तात पडलेला असतो. बाजार पडता असेल तर तो गप्प राहतो. चार दिवसांनी फोन येतो: भावात काही कमी करा. तोवर आपला माल समुद्रात, आणि परक्या बंदरावर त्याचं भाडं चढायच्या बेतात. अशा वेळी ताकद कोणाच्या हातात असते हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

त्या दिवसांत एका एजंटानं आम्हाला सुचवलं की हमीपत्र द्या, बिलावर आधीची तारीख टाकून आणतो. सगळेच करतात म्हणे. आमची पुतणी कागदपत्रांचं काम बघते. तिनं जागेवर नाही म्हटलं आणि आण्णांनी तिला दुजोरा दिला. खोट्या तारखेचं बिल ही फसवणूक आहे. शिवाय कंटेनरचा क्रमांक टाकला की बोट खरी कधी सुटली ते कुणालाही घरबसल्या दिसतं. एक तारीख खोटी निघाली तर आपल्या प्रयोगशाळेच्या अहवालावर तरी कोण विश्वास ठेवणार?

आम्ही दोन गोष्टी केल्या. तारीख उलटण्याआधीच खरेदीदाराला कळवलं, शिपिंग कंपनीचं फेरी चुकल्याचं पत्र जोडून. आणि एलसीत दुरुस्ती मागितली. त्यांचा फोन आला, 'काळजी करू नका, माझी संमती आहे, माल पाठवा.' माणूस सज्जन, बोलणं मनापासून. पण त्यांच्या फोनवर किंवा ईमेलवर बँक बांधली जात नाही. एलसी बदलते ती त्यांच्या बँकेनं दुरुस्तीचा संदेश काढला आणि आम्ही तो स्वीकारला की. एलसीवर दुसऱ्या बँकेची पक्की हमी असेल तर तिचीही संमती लागते. तो संदेश आमच्या बँकेत येईपर्यंत कंटेनर बोटीवर चढवायचा नाही, असं घरात बसून ठरवलं. बंदरातलं भाडं भरलं, धुरी पुन्हा दिली, पॅकिंग क्रेडिटचं, म्हणजे माल पाठवण्याआधी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचं, व्याज सोसलं, दुरुस्तीचा खर्चही आम्ही घेतला. भाव मात्र ठरला तोच राहिला आणि पैसे पूर्ण आले. तो खरेदीदार आजही आमच्याकडून कांडी घेतो.

दुरुस्ती मागताना चढवणीच्या तारखेबरोबर एलसीची मुदतही, म्हणजे ३१डी या रकान्यातली तारीख, पुढे सरकवून घ्यायची. नाहीतर माल वेळेत आणि कागद उशिरा असं होतं. माल चढल्यावर कागद २१ दिवसांच्या आत द्यावे लागतात, एलसीत कमी दिवस लिहिले असतील तर तेवढ्यातच, आणि काही झालं तरी मुदतीच्या आत. मुदत संपायच्या दिवशी बँकेला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी कागद चालतात. चढवणीच्या तारखेला ही सवलत नाही. दिवाळीच्या आसपास हा फरक चांगलाच कळतो.

त्या हंगामानंतर आमची प्रोफॉर्मा, म्हणजे सौद्याच्या अटी लिहिलेलं आधीचं कच्चं बिल, बदलली. मुदत संपण्याचं ठिकाण भारत असावं, खरेदीदाराचा देश नको, हे आम्ही लिहून घेतो. तुकड्या-तुकड्यानं माल पाठवायची परवानगी मागतो, पण 'दर महिन्याला एक कंटेनर' असं ठरीव वेळापत्रक टाळतो, कारण त्यातला एक हप्ता चुकला की एलसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर तो आणि पुढचे सगळे हप्ते बाद होतात. आणि आपल्यासारख्या बंदरापासून लांबच्या माणसासाठी सगळ्यात कामाची अट अशी: शक्य असेल तिथे मल्टिमोडल वाहतुकीचा, म्हणजे जमिनीवरच्या आणि बोटीच्या प्रवासाचा मिळून एकच, दस्तऐवज मान्य करून घ्यायचा आणि माल ताब्यात घेण्याचं ठिकाण आतल्या डेपोचं लिहायचं. संभाजीनगरजवळ माळीवाड्याला कंटेनर डेपो आहे. वाहतूकदारानं तिथे माल ताब्यात घेतला आणि दस्तऐवजावर तशी नोंद झाली, की तीच चढवणीची तारीख धरता येते. मात्र दस्तऐवजावर बोटीवर चढल्याची वेगळी तारीख मारलेली असेल, किंवा एलसीतच ती मागितली असेल, तर पुन्हा बोटीचीच तारीख लागू होते. सगळे खरेदीदार हे मानत नाहीत. जे मानतात त्यांच्या ऑर्डरीला रात्री झोप लागते.

आता वसमत, हिंगोली, नांदेडची नवी मुलं निर्यातीत उतरताहेत, काही शेतकरी कंपन्याही. त्यातले बरेच एलसी हातात आल्यावर दुकानात येतात. त्यांना आमचं एवढंच सांगणं असतं की मसुदा असतानाच या, खरेदीदाराच्या बँकेनं ती काढायच्या आधी. तेव्हा तारीख बदलायला एक ईमेल पुरतो. पुतणी दुपारी लिलाव उरकल्यावर दुकानात असते. मसुदा घेऊन या, सोबत बसून वाचू.