पत्र्याची खडखड

साडेअकरा वाजून गेले. झोप येत नाही म्हणून लिहायला बसलोय. गॅलरीचं दार लोटून घेतलंय, लाकडातून अक्षरं कापायच्या मशीनवर, स्क्रोल सॉवर, जुनी चादर टाकली आहे. आज ते पहिल्यांदा मनासारखं चाललं. आनंद व्हायला हवा होता.

खडखड कशाची होती ते आज संध्याकाळी कळलं. बाजूला पत्र्याचं झाकण आहे, त्याचा एक स्क्रू ढिला आणि दुसऱ्याखालचा रबरी वायसर गायब. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वायसर केला, दोन्ही स्क्रू आवळले, बटण दाबलं. फक्त मोटरची घरघर. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य.

आणि हे जुनं मशीन घ्यायला ऐरोलीत काकांकडे गेलो तेव्हा मी काय म्हणालो होतो? "बेअरिंग गेलंय काका. पंधराशेला मरण नाही."

साडेसहा हजार सांगितले होते त्यांनी. पाचला घेऊन आलो.

बेअरिंग गेल्यावर कसा आवाज येतो ते मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. चार व्हिडिओ बघितले होते, तेवढ्या जोरावर बोललो. बरं, बोललो तेही चाचरत नाही, अगदी ठाम. पर्चेसमध्ये सतरा वर्षं काढली की तो आवाज आपोआप लागतो. आधी मालात खोट दाखवायची, मग गप्प बसायचं, समोरचा स्वतःच भाव उतरवतो. ऑफिसात समोर कंपनी असते, तिचा माणूसही तयारीचा असतो. इथे समोर बनियनवर बसलेले काका होते.

मी म्हटल्यावर ते उठले. मशीन पुन्हा चालू केलं आणि वरच्या दांड्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला खूप वाटला. "हाताला तर बरं लागतंय," म्हणाले. मग हात काढून घेतला. "पण असेल. मला हल्ली आवाज नीट कळत नाही." सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिच्यासमोर.

हाताला बरं लागतंय. बरोबरच होतं त्यांचं. पत्र्याची खडखड दांड्यापर्यंत येतच नाही. मी कानानं ऐकून चुकलो, ते कान नसताना बरोबर होते, आणि माघार त्यांनी घेतली.

हिला सांगितलं जेवताना. "जुन्या वस्तूचा भाव असाच ठरतो, तू कुठे हिसकावून घेतलंस?" म्हणाली. तिचंही खोटं नाही. पण मला पैसे टोचत नाहीयेत, ते "पण असेल" टोचतंय.

वीस किलोच्या आसपास वजन. रिक्षाच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून मांडीशी धरून आणलं. दिघा, विटावा, कळवा नाका. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरायला लागलं होतं, रिक्षावाला म्हणाला अजून अर्ध्या तासानं आला असता तर अडकला असता. मला त्याचाही अभिमान वाटला. कळव्याच्या पुलावर तर मी मनातल्या मनात हिशोब करत होतो, दीड हजार वाचले, त्यात ब्लेडचे किती डझन येतील. लिहायलाही नको वाटतंय.

मग पंधरा दिवस मी त्या बेअरिंगच्या मागे. दांडे सोडवले, मोटरजवळच्या रॉडचं बेअरिंग ओढून काढलं, 6000 नंबरचं, आतून 10 आणि बाहेरून 26 मिलिमीटर. खोपटच्या दुकानात नेलं. दुकानदारानं ते बोटात घालून फिरवलं, कानाजवळ नेलं, काउंटरवर ठेवलं. "हे कशाला बदलताय? कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "एका मिस्त्रीनं." तिथेही खरं बोललो नाही. पण तेव्हाच समजायला हवं होतं. समजलंही होतं बहुतेक. दहा दिवस मी ते समजणं पुढे ढकललं.

बाकी कामात मात्र मन रमलं. मशीनचं टेबल बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे, त्यावर पावसाळ्याचा तांबडा थर चढला होता. आधी 320 नंबरचा पॉलिश पेपर डिझेलमध्ये भिजवून, मग 400, मग 600. शेवटी मेण चोळलं. आपल्या हवेत बीड उघडं ठेवलं तर एका रात्रीत बोटांचे ठसे उमटतात. सांध्यांना ग्रीस, बारीक जागी शिलाई मशीनचं तेल. ब्लेडच्या क्लॅम्पची पकड गुळगुळीत झाली होती, घट्ट करूनही ब्लेड निसटायचं. आतून पेपर मारून खरखरीत केली, आता धरून ठेवते. टेबल काटकोनात आहे का ते बघायला जाड ठोकळ्यात थोडासा काप घेतला, ठोकळा फिरवून ब्लेडच्या मागून तोच काप सरकवला. अडकला. टेबल केसभर हलवलं, पुन्हा. चौथ्यांदा ब्लेड त्या फटीत न घासता आत गेलं.  

ठोकळ्याची युक्तीसुद्धा काकांचीच. पैसे मोजून झाल्यावर सांगितली त्यांनी, पंधराशे कमी घेतल्यानंतर. शिवाय पाच इंची ब्लेडची डबी दिली, 3 नंबर, 5 नंबर वेगवेगळ्या कागदात बांधलेले. "पिनचं ब्लेड घेऊ नका, साधंच घ्या. अक्षरातली पोकळी कापताना दीड मिलिमीटरचं भोक पुरतं, पिनच्या ब्लेडला टोकाच्या आडव्या पिनमुळे तिप्पट लागतं." आणि "हे ब्लेड उजवीकडे पळतं बरं का, लाकूड किंचित तिरकं धरायचं." ब्लेड बनतानाच एका कडेला जास्त धार राहते, ती कड जास्त खाते. एवढं सगळं एका अनोळखी माणसाला, ज्यानं नुकतंच त्यांचं मशीन नादुरुस्त ठरवलं होतं.

त्यांच्या दारावरची पाटी. "आनंद", सागवानी, स्वतः कापलेली. मी बेल वाजवून उभा होतो तेव्हा बघत बसलो. शिरोरेषेमुळे आपली अक्षरं एकमेकांना धरून राहतात, अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. फक्त अनुस्वार सुटा पडतो. त्यांनी तो वेगळा कापून एका बारीक पितळी खिळ्यावर रेषेच्या जरा वर बसवला होता. खिळ्याचं डोकं पुसून पुसून चकचकीत झालेलं. असं काम करणाऱ्याला मी बेअरिंग शिकवलं.

संध्याकाळी मला वाटत होतं, सगळं माझ्याच वाट्याला का. आठवडाभर राबायचं, एक छंद, तोही असा डागाळून यावा. आता हे वाचतोय तर वाटतं, कुणी आणून दिलेला नाही हा डाग. मी असाच भाव करतो, भाजीवाल्या मावशींकडेही. एकदम सुटणारं नाही ते. पण हे एक निस्तरता येईल.

आठ वाजता फोन केला. सुनेनं उचलला. सगळं सांगितलं, पत्रा, वायसर, पंधराशे पाठवतो म्हणालो. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "अहो, राहू द्या, तुम्ही परत फोन केलात तेच." मागून काकांचा आवाज आला, "कोण?" तिनं मोठ्यानं सांगितलं, "मशीन नेलं ते!" बेअरिंगचं ती काही बोलली नाही, बोलली असती तरी त्यांना ऐकू गेलं असतं की नाही कोण जाणे. ते तिकडूनच ओरडले, "तिरकं धरा म्हणावं! तिरकं!"

म्हणजे त्यांना अजून माहीत नाही. त्यांच्या मनात त्यांचं मशीन खराबच आहे.

म्हणून फोनवर भागणार नाही. रविवारी जातो. ट्रान्स हार्बरच्या लोकलला ब्लॉक असला तर बसनं जाईन. पैसे पाकिटात घातलेत, घेवोत न घेवोत. पण आधी झाकणाचा तो जुना स्क्रू आणि ट्यूबचा उरलेला तुकडा हातावर ठेवून दाखवायचा, मोठ्यानं, सुनेसमोर सांगायचं, काका, तुमचा हात बरोबर होता.

झोपण्याआधी सहा मिलिमीटरच्या प्लायवर "आनंद" चिकटवून ठेवलंय. "न" पर्यंत कापून झालं होतं, मग साडेनऊ वाजले, खालच्यांचं बाळ झोपतं. अनुस्वार उद्या.