चौथी सीट

माझ्याकडे एक लांबट वही आहे आणि तिच्यात चार रकाने आखलेले आहेत: कथेचे नाव, कुठे पाठवली, केव्हा पाठवली आणि उत्तर. पहिले तीन भराभर भरतात. चौथा बहुधा कोराच राहतो. मी विज्ञानकथा लिहितो, त्याही चिमुकल्या, हजार शब्दांच्या आतल्या, आणि नौपाड्यातल्या घरी बसून मासिकांना व दिवाळी अंकांना पाठवतो.

लिहिण्यापेक्षा छाटण्यातच माझा अधिक वेळ जातो. सध्याच्या कथेत ठाणे स्थानकावर कालचीच धीमी लोकल आज पुन्हा फलाटाला लागते आणि कथानायक आत शिरतो, तर तिथे कालचा तो स्वतःच बसलेला असतो. पहिला खर्डा तेराशे शब्दांचा झाला आणि त्यातले निम्मे शब्द काळाला पडलेला पीळ समजावण्यात खर्ची पडले होते. ते काढले आणि त्या जागी एकच वाक्य ठेवले: कालचा माणूस मान वर न करता जरासा सरकतो आणि आजच्याला चौथी सीट देतो. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धे अंग टेकून बसायचे असते, हे ठाणेकराला कोण सांगणार? ते न सांगता कळत असेल, तर काळाचा पीळही तसाच कळावा, असा माझा हट्ट आहे.

हीच कथा इंग्रजीत करायला घेतली, तेव्हा मात्र हट्ट महागात पडला. ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाने १९९९ मध्ये ‘फ्यूचर्स’ हे चिमुकल्या विज्ञानकथांचे सदर सुरू केले आणि तिथली मर्यादा साधारण ८५० ते ९५० शब्दांची असते. मराठीत ‘डब्यातल्यांनासुद्धा’ हा मोजायला एकच शब्द. विभक्ती, शब्दयोगी अव्यय, सगळे एका तिकिटावर प्रवास करतात. इंग्रजीत प्रत्येकाचे तिकीट वेगळे. त्यामुळे माझे सातशे शब्द सहज हजारापलीकडे गेले, आणि चौथ्या सीटचा खुलासा अजून व्हायचाच होता.

पाठवल्यानंतरचे दिवस मोजणे हे शब्द मोजण्याहून कठीण. पूर्वी तिकीट लावलेला, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा सोबत जोडावा लागे आणि ‘साभार परत’ असा शेरा घेऊन तो इमानाने घरी येई. आता ‘तीन महिन्यांत उत्तर न आल्यास साहित्य स्वीकारले नाही असे समजावे’ अशी आधीच तजवीज असते. मला तो जुना शेरा अधिक सभ्य वाटतो; निदान कोणीतरी लिफाफा चिकटवला, एवढे तरी कळत असे.

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. बक्षीस पहिले मिळाले. आमच्यासारख्यांना ही खटपट करावी लागत नाही, कारण आमचे खरे नावही संपादकांना टोपणनावाइतकेच अनोळखी असते. एका अंकाने तर माझी कथा छापली, पण फाँट बदलताना रफार उडाले आणि शेवटच्या ओळीतला ‘सूर्य’ नुसता ‘सूय’ होऊन मावळला. सत्तर शब्दांच्या कथेत एक अक्षर म्हणजे केवढा ऐवज!

परवा मात्र चौथ्या रकान्यात काहीतरी लिहायची वेळ आली. एका संपादकांनी कळवले की कथा आवडली, फक्त कालचा माणूस गाडीत कसा आला, याचा खुलासा दोन ओळींत करून पाठवावा. मी दोन ओळी लिहिल्या, मोजल्या, बावीस शब्द भरले. त्या घालून कथा पुन्हा वाचली, तर कालचा माणूस सरकायच्या आधीच वाचकाला जागा सापडत होती. ओळी खोडल्या, संपादकांना आभाराचे पत्र धाडले, कथा होती तशीच दुसऱ्या अंकाकडे पाठवली आणि वहीत खालच्या ओळीवर नवी तारीख घातली.