निळं कार्ड

कार्डं कापायला बसलो तेव्हा लक्षात आलं, घरात केशरी कागद आहे, निळा नाही. केशरी म्हणजे एका लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांची कोरी बाजू. निळ्यासाठी बायकोने माळ्यावरून मिठाईची रिकामी खोकी काढून दिली. रविवारची उपासना आटोपली, आणि तरुण संघाच्या नऊ पोरापोरींच्या हाती मी एकेक जोडी दिली, तसा मागच्या बाकावरून आवाज आला, "साहेब, हे घेऊन चौकात नका जाऊ बरं. इलेक्शन लागलं समजतीन लोकं."

सगळे हसले. आमच्याकडे या दोन रंगांना आधीपासूनच मालक आहेत, हे मला कापताना सुचलंच नव्हतं.

मी पाळक आहे, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे मिळून तीन गावांतल्या मंडळ्या माझ्याकडे आहेत. ही गोष्ट जुलै २०२२ ची. त्या वर्षी ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात जागतिक चर्च परिषदेची अकरावी महासभा भरणार होती. ही परिषद १९४८ साली अॅमस्टरडॅमला स्थापन झाली. जगभरातली साडेतीनशेच्या वर चर्चेस तिचे सभासद आहेत, आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही आहे. अशा सभेत पडेल ते काम करायला १८ ते ३० वयाची मुलंमुली जगभरातून निवडतात. त्यांना स्ट्युअर्ड म्हणतात. माईक पोचवायचा, कागद वाटायचे, वाट दाखवायची. आमच्या मंडळीतली एक मुलगी त्यात निवडली गेली होती. वय बावीस, बी.एस्सी. झालेली, बापाची नदीकाठी तीन एकर.

तयारी म्हणजे मला आधी कागदपत्रंच वाटली होती. व्हिसाची फी तेव्हा ८० युरो. वर प्रवास विमा, तो किमान ३० हजार युरोंचा हवा, नाहीतर अर्जच घेत नाहीत. मी रुपयांत हिशेब करून सांगितलं तेव्हा तिची आई म्हणाली, "एवढे पैशे मेल्यावर भेटते का जितेपनी?" दोन्हीकडे मिळतात म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही.

मग नागपूरची एक फेरी. सरकत्या जिन्याची पोरीला भीती वाटत होती, म्हणून सगळ्या तरुण संघालाच सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर नेलं. तिकीट काढायचं, वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. गार्डाने चौथ्या फेरीला विचारलं, कुठे जायचं आहे? एका पोट्ट्याने सांगितलं, "जर्मनीले." तिथून सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलला गेलो. २९ नोव्हेंबर १९७० ला याच मैदानात सहा वेगवेगळ्या चर्चेसनी आपापली पाटी उतरवून एक चर्च केलं, तेच आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. ऐक्याचं बोलायला परदेशी जायचं, तर ते ऐक्य आपल्यापासून दीड-दोन तासांवर घडलं हे पोरांनी पाहिलेलं बरं, असा माझा विचार. पोरांनी पाहिलं आणि लगेच मैदानाच्या कडेला सेल्फी काढायला गेली.

आणि इंग्रजी. कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून मी तिच्याकडून पाच मिनिटांची साक्ष लिहून घेतली होती: गाव, घर, मंडळी, विश्वास. तिने चार पानं आणली. त्यात मिरचीचं पीक होतं, आजीचं मरण होतं, कापणीच्या सणाचा अर्धा पान मजकूर होता. मी लाल पेनाने सव्वा पानावर आणली. कापणीच्या सणाचा मजकूर तर अख्खाच उडवला. 'हे तिकडच्यांना कळणार नाही' असा शेरा समासात मारला. तो शेरा मी आता इथे लिहितोय कारण पुढे त्याचाच संबंध येतो.

कार्डांचं असं आहे. पूर्वी या परिषदेत साधं बहुमताने मतदान चाले. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या परंपरेतल्या चर्चेसची त्यावर जुनी तक्रार होती. आमची संख्या कमी, म्हणजे आम्ही कायम हरणारच, मग आमचं ऐकणार कधी? १९९८ च्या हरारे महासभेनंतर यासाठी खास आयोग नेमला गेला, आणि २००६ साली ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेच्या महासभेपासून एकमताची नवी पद्धत आली. प्रत्येकाकडे दोन कार्डं. बोलणं पटतंय, ऊब वाटतेय, तर केशरी. पटत नाही, गार वाटतंय, तर निळं. दोन्ही एकमेकांवर आडवी धरली तर 'पुरे झालं, पुढे चला'. निळं दिसलं की अध्यक्षाने पुढे जायचं नाही. थांबून त्या माणसाला विचारायचं, तुमची अडचण काय? तरीही जमलं नाही तर त्याचं मत नोंदवायचं किंवा विषय मागे ठेवायचा. हात मोजून कोणाला गप्प करायचं नाही.

"पन मले तर तिथं कार्डच नाई भेटनार," ती म्हणाली. "स्ट्युअर्डले मत नसते. मंग मी शिकू कायले?"

सभागृहात काय चाललंय ते कळायला नको का, असं काहीतरी मी म्हणालो. उत्तर लंगडं होतं, आणि ते तिलाही कळलं.

सराव सुरू केला. पहिला विषय मी 'पर्यावरण' दिला. नऊच्या नऊ केशरी. दुसरा 'जगातली शांतता'. पुन्हा नऊ केशरी. शांततेला निळं कोण दाखवणार? तेवढ्यात आबाजी आत आले. आमच्या मंडळीतले सगळ्यात जुने वडीलधारे, वय पंचाहत्तरच्या आसपास. उपासनेनंतर कमिटीची बैठक असते म्हणून ते थांबले होते. पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, खोटे इशय कायले घेता? मी देतो खरा."

खरा विषय असा. मागच्या कापणीच्या सणाच्या लिलावाचे १८ हजार रुपये कोषाध्यक्षांकडे पडून होते. ते सगळे या पोरीच्या खर्चाला द्यावे: व्हिसा, विमा, मुंबईची जाणी-येणी, गरम कपडे. आबाजींनी ठराव मांडला, तोही छान मांडला. आपल्या गावचं पोर एवढ्या मोठ्या सभेला जातं, मंडळीने हात आखडता घेऊ नये. त्यांचा आवाज थोडा दाटून आला होता.

मी म्हणालो, कार्डं दाखवा.

आठ केशरी वर गेली. नववं निळं, आणि ते तिचंच. मला वाटलं गडबडीत उलटसुलट झालं असेल. "अगं, ते निळं आहे," मी म्हणालो.

"मालूम हाय," ती म्हणाली. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा तिने छातीशी दोन्ही हातांनी धरला होता, आणि त्याच्या कोपऱ्यावर सोनेरी छपाईतलं 'शुभ' एवढंच शिल्लक होतं.

नियम मीच शिकवला होता, तेव्हा विचारणं भाग होतं. अडचण काय?

आमच्याकडचा कापणीचा सण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक घर आपल्या पिकातलं पहिलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतं. कापूस, तूर, सोयाबीन, कोहळं म्हणजे लाल भोपळा, कोंबडी, अंडी. उपासना झाली की त्याचा लिलाव. पैसा मंडळीच्या कामाला. हसतखेळत चालतं, भाव चढवतात, दोन रुपयांच्या लिंबाला पाचशे येतात. लिलाव पुकारतो मी.

"आमचं कोहळं दरसाली आखरीले राह्यते," ती बोलायला लागली. खाली बघून. "मोठ्या घरच्या तुरीले दोन-दोन हजार येते. आमच्या कोहळ्याले कोनी तोंड उघडत नाई. मंग बाबाच हात वर करते. पन्नास, साठ, शंभर. स्वताचंच कोहळं घेते अन् घरी आनते. मी लहान होती तवा मले वाटे, आमचं कोहळं लय भारी हाय म्हून बाबा ते कोनाले घेऊ देत नाई."

कोणी हललं नाही.

"त्या अठरा हजारात बाबाचे शंभर हायेत. अजून तीन-चार घरायचे असतीन असेच. यंदा तर वावरच खरडून गेलं. ते पैशे घेऊन मी जाऊ, अन् तिकडं समेट, ऐक्य म्हनत फिरू, हे मले नाई जमत."

महासभेचं त्या वर्षीचं बोधवाक्यच ते होतं: ख्रिस्ताची प्रीती जगाला समेट आणि ऐक्याकडे नेते. दोन महिने मी ते तिच्याकडून पाठ करून घेत होतो.

तिच्याकडे बघायची मला सोय राहिली नव्हती. 'कोहळं शंभर, एक वार, कोहळं शंभर, दोन वार' हे ओरडणारा मीच. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या बापाचं उदाहरण उपदेशात दिलं होतं. बघा, हा माणूस देवाला दिलेलं पुन्हा विकत घेतो, दोनदा देतो, याला म्हणतात भक्ती. लोकांनी माना डोलावल्या होत्या. तोही बसला होता समोर, तिसऱ्या बाकावर. आणि तिच्या साक्षीतला जो अर्धा पान मजकूर मी उडवला तो हाच होता. मी तो नीट वाचलाही नव्हता, नुसता कापला होता.

आबाजी उठून उभे राहिले. "लिलाव देवाच्या कामाले असते. त्यात कोनाची इज्जत-बेइज्जत नसते. आमी सहा मंडळ्या एक केल्या, तवा कोनी असं निळं नवतं दाखवलं."

मागच्या बाकावरच्या त्याच पोट्ट्याने घाईघाईने दोन्ही कार्डं एकमेकांवर आडवी धरली. पुरे झालं, पुढे चला. नियमाप्रमाणे चुकीचं काहीच नव्हतं. मी त्याला खाली करायला सांगितली. विषय मागे ठेवला असं जाहीर केलं आणि प्रार्थना केली. कसली केली आठवत नाही. चहा तयार होता, आबाजी न घेताच गेले.

पैशांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. कमिटीच्या तीन बैठका झाल्या. शेवटी ज्याला जे द्यायचं ते बिननावाच्या बंद पाकिटात टाकावं असं ठरलं, त्यातून व्हिसा आणि विमा निघाला. लिलावाचे पैसे दुबार पेरणीच्या बियाण्याला द्यायचे ठरले. दोन घरांनी घेतले नाहीत. एकाने तर मला दारातूनच परत पाठवलं. वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी आबाजींच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. पाऊस थांबला होता, नाल्याचं पाणी अजून गढूळच. मी माफी मागायच्या तयारीने गेलो होतो, पण कोणाच्या वतीने ते ठरवलं नव्हतं.

बराच वेळ ते पिकाचंच बोलत राहिले. मग अचानक म्हणाले, "मी दुपारी खोटं बोललो."

"कशाबद्दल?"

"निळं कोनी दाखवलं नवतं म्हनलं ना मी. दाखवलं होतं." १९७० ला ते बावीस-तेवीस वर्षांचे होते, वडिलांबरोबर एस.टी.ने नागपूरला गेले होते. ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झालेली, म्हणजे त्यांच्या जन्माच्याही आधी. चाळीस वर्षं ती चालली, आणि अगदी शेवटच्या वर्षी अमेरिकन परंपरेतल्या मेथोडिस्ट पंथाच्या मोठ्या चर्चने नाही म्हटलं. "माह्ये वडील लय चिडले होते. म्हनत, त्यायनं आपलं हसू केलं. पन काऊन नाई म्हनता, हे त्यायले कोनी इचारलं का, मले मालूम नाई. आमच्या घरात तरी कोनी नाई इचारलं."

मी काही बोललो नाही. आतून सुनेने चहा आणला. आबाजींनी बशीत ओतला, फुंकला.

"तिचा बाप स्वताच घेते ते कोहळं, हे मी पाह्यलं हाय," ते म्हणाले. "दरसाली पाह्यलं. मी हसलो बी असन."

निघताना त्यांनी मला हाक मारून थांबवलं. "त्या पोरीले सांगजा, येतानी तिथलं एक खरं कार्ड आनजो म्हना माह्यासाठी. निळंच."

स्ट्युअर्डला कार्ड मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.