चूक कुणाची, हे कुणी विचारलंच नाही

गेल्या महिन्यात ऑकलंडमध्ये आमच्या गाडीला मागून धडक बसली. आई तीन महिन्यांसाठी सोलापूरहून आलेली, तिचं उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात नर्स विचारत होती, कधी लागलं, कुठं, कसं? आणि आई दरवेळी मराठीत एकच सांगत होती, "आमची चूक नव्हती हो."

मला ते इंग्रजीत सांगावंच लागलं नाही. चूक कुणाची, असा रकानाच फॉर्मवर नव्हता. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून असंच चालतं. अपघातात दुखापत झाली की उपचाराचा भार एसीसी ही सरकारी संस्था उचलते, चूक कुणाचीही असो. पाहुण्यांनाही हे लागू आहे. इथं कमावणारा माणूस घरी बसला तर पहिल्या आठवड्यानंतर त्याला कमाईच्या 80 टक्के मिळतात. पैसा येतो पगारातून, पेट्रोलमधून.

आईला हे पटेना. तिनं 2009 पाहिलंय. सोलापुरात सात रस्त्याजवळ टेम्पोनं आप्पांची, माझ्या वडिलांची, लुना उडवली, पाय मोडला. अशोक चौकात यंत्रमागावर दिवसभर उभं राहून पोट भरणारा माणूस! पंचनामा झाला, दावा लागला आणि विमा कंपनीचा वकील म्हणाला, यांनी हात न दाखवता वळण घेतलं. चार वर्षं तारखा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आई कोर्टाच्या आवारात बसायची. घर तिच्या विड्यांवर चाललं.

आपल्याकडं काहीच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. मोटार वाहन कायद्याच्या आताच्या कलम 164 प्रमाणे चूक सिद्ध न करताही मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. जास्त हवं असेल तर त्याऐवजी कोर्टात भांडता येतं. इथं दुखापतीच्या भरपाईसाठी धडक देणाऱ्यावर दावाच लावता येत नाही. आप्पांना शेवटी कोर्टानं लिहून दिलं, चूक टेम्पोची. भरपाईपेक्षा तो कागद त्यांनी जास्त जपला. आणि इथं गाडीचा विमा सक्तीचा नाही, हे तर मला अजून पचलेलं नाही. आपल्याकडं थर्ड पार्टीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे.

तरी त्या रात्री आईला प्लास्टर घालून घरी आणताना वाटलं, आप्पांना हे मिळायला हवं होतं.

घरी आल्याबरोबर आईनं डाव्या हातानं एक्स-रे, चिठ्ठ्या, फॉर्मची प्रत पिशवीत घातली आणि पिशवी माझ्याकडं दिली.

"जपून ठेव रे. उद्या कुणी म्हणालं, तुमचीच चूक, तर?"