खांब एक, कव्हर दोन

गोव्यात तिसवाडीतल्या खाडीवरचा हमरस्त्याचा पूल. ओहोटीचे जेमतेम तीन तास हाताशी, म्हणून व्हडी (होडी) खांबाला बांधली आणि थेट हातोडी घेतली. सगळ्यांचा अंदाज होता की खराब असेल ती समुद्राकडची बाजू, वारा आणि लाट तिथंच. ती खणखणीत वाजली. जमिनीकडची पोकळ बोलली. कालवांच्या थराच्या हातभर वरून उभी भेग गेलेली, कडेला तांबडे ओघळ.

कव्हर, म्हणजे सळीवरच्या काँक्रीटची जाडी, मोजणारा कव्हर मीटर फिरवला. नकाशात कव्हर 50 मिमी. समुद्राकडे भरलं 76, जमिनीकडे 28. काँक्रीट कुणी चोरलं नव्हतं, सळ्यांचा पिंजराच शटरिंगमध्ये कलला होता. सळ्या शटरपासून ठरल्या अंतरावर ठेवणारे कव्हर ब्लॉक तळाशीच बांधले, वरचा उंच पिंजरा मोकळा सोडला आणि काँक्रीट एकाच बाजूनं ओतलं, की असं होतं. मीठ सळीपर्यंत पोचायला लागणारा काळ ढोबळमानानं कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इथे तो फरक सातपटीचा!

जमिनीकडून कापून काढलेल्या नमुन्याच्या, म्हणजे कोरच्या, ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थेलिन टाकलं तर गुलाबी झालं, म्हणजे काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत; हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो मारण्याचा, कार्बोनेशनचा, दोष नाही. सिल्व्हर नायट्रेट फवारल्यावर मात्र सळीच्या मागेपर्यंत पांढरं, म्हणजे मीठ तिथवर पोचलेलं. सळीचा विद्युतदाब मोजून गंजाची शक्यता सांगणाऱ्या हाफ-सेलचं रीडिंग भेगेजवळ उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे, म्हणजे गंज जवळपास नक्की. कालवांच्या खाली त्याहून वाईट. नवखा तिथं घाबरतो. पण सदा पाण्यात असलेल्या काँक्रीटात ऑक्सिजन फारसा पोचत नाही, म्हणून गंज रेंगाळतो. खरा मारा ओल्या-सुक्या पट्ट्यावर.

दुरुस्तीत नुसतं प्लास्टर थापणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. सळीच्या मागे निदान 25 मिमी काँक्रीट फोडायचं, गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा, मीठ गोड्या पाण्यानं धुवायचं, मग शटर लावून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट. नव्या तुकड्याच्या कडेला जुन्या, खारट काँक्रीटातली सळी जोमानं गंजू लागते. म्हणून कडेच्या सळ्यांना जस्ताचे अ‍ॅनोड बांधायचे, ते सळीऐवजी स्वतः झिजतात. हे बहुतेक निविदांत सुटतं.

अंदाजपत्रक मांडलं तेव्हा मोठा आकडा मायक्रोकाँक्रीटचा नव्हताच. मचाण, बोट, भरती-ओहोटीत अडकलेले मजुरांचे तास आणि वाहतूक वळवणं, पैसे तिथं गेले. बांधताना पिंजऱ्याला दर मीटरवर चारी बाजूंनी ब्लॉक लावले असते, तर त्यांचा खर्च व्हडीच्या दिवसभराच्या भाड्याइतकाही झाला नसता.